दोस्ती परदेशातल्या शाळेशी, ओळख आपल्याच घराची

पालकसभेत एक सवाल हमखास येतो. "सर, पोराच्या हातात मोबाईल द्यायचा की नाही?" लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून दिलेला मोबाईल पुन्हा काढून घेता आला नाही, अशी बहुतेक अम्मी-अब्बांची तक्रार असते. आम्ही शिक्षक आहोत तसे पालकही आहोत, त्यामुळे ही तक्रार आमच्याही घरातली आहे. पण मोबाईल द्यावा की नाही, यापेक्षा तो देऊन मुलाला काम कोणतं द्यायचं, हा खरा सवाल आहे असं आम्हाला वाटतं.

युरोपातल्या शाळा गेल्या वीस वर्षांपासून यासाठी एक प्रयोग करत आहेत. दोन देशांतले वर्ग इंटरनेटवरून एकमेकांशी जोडायचे आणि मुलांनी आपापल्या गावाचा वारसा मिळून अभ्यासायचा. त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते पाहू या.

ई-ट्विनिंग म्हणजे काय?

युरोपीय आयोगाने २००५ साली 'ई-ट्विनिंग' हा उपक्रम सुरू केला. सोप्या भाषेत सांगायचं तर ही शाळांची जोडी आहे. एका देशातला शिक्षक दुसऱ्या देशातला जोडीदार शिक्षक शोधतो. दोघे मिळून विषय ठरवतात आणि प्रकल्पाची नोंदणी करतात. शिक्षक खरोखर शाळेत शिकवतो का, याची तपासणी त्या-त्या देशातली जबाबदार संस्था करते. मग त्या दोन वर्गांना 'ट्विनस्पेस' नावाचं एक बंद ऑनलाइन दालन मिळतं. तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. शाळेला पैसे मोजावे लागत नाहीत आणि विमानाचं तिकीटही लागत नाही.

तुर्कस्तानच्या शाळा २००९ पासून यात आहेत. नंतर बोस्निया आणि ट्युनिशियासारखे देशही जोडले गेले. २०१८ हे युरोपात सांस्कृतिक वारसा वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा ई-ट्विनिंगनेही त्या वर्षासाठी हाच विषय घेतला. जुन्या इमारती, लोककथा, खाणंपिणं, हस्तकला, आजी-आजोबांच्या आठवणी असं सगळं वर्गात आलं.

काम कसं चालतं?

एक उदाहरण कल्पून पाहू. स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा एक वर्ग आणि इस्तंबूलचा एक वर्ग यांनी 'पाणी' हा विषय घेतला. ग्रॅनाडात अल्हंब्रा आहे. तिथल्या मुस्लिम सुलतानांनी दारो नदीचं पाणी कालव्याने टेकडीवर आणलं आणि महालाच्या अंगणात खेळवलं. इस्तंबूलमध्ये १५५७ साली पूर्ण झालेली सुलेमानिया मशीद आहे. ती बांधणाऱ्या मिमार सिनानने शहराला पाणी पुरवणाऱ्या जलवाहिन्यांचंही मोठं काम केलं.

पहिल्या टप्प्यात मुलं एकमेकांना आपली आणि आपल्या गावाची ओळख करून देतात. दुसऱ्या टप्प्यात बाहेर पडून पाहणी करतात. फोटो काढतात, मोजमाप घेतात, जुन्या माणसांशी बोलतात. तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. इथे दोन्ही देशांची मुलं मिसळून गट केले जातात. एका गटात दोन मुलं ग्रॅनाडाची, दोन इस्तंबूलची. त्यांना मिळून एकच वस्तू तयार करायची असते. तो डिजिटल नकाशा असेल, ई-पुस्तक असेल किंवा छोटी फिल्म. "तुमचं तुम्ही करा, आमचं आम्ही करतो," असं म्हणून चालत नाही.

खरी तालीम इथेच होते. समोरचा मुलगा विचारतो, "तुमच्या मशिदीच्या अंगणात हौद कशासाठी?" रोज तिथे वजू करणाऱ्या मुलाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. आता त्याला उत्तर द्यायचं आहे, आणि ज्याला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशा माणसाला समजेल असं द्यायचं आहे. मग तो अब्बांना विचारतो, इमामसाहेबांना विचारतो, ग्रंथालयात जातो. परक्या दोस्ताला सांगण्याच्या निमित्ताने त्याला स्वतःचं घर नव्याने दिसतं.

मोस्तारचा पूल

हे सगळं गोड-गोड आहे असं मात्र समजू नका. बोस्नियातल्या मोस्तार शहराची गोष्ट आम्हाला इथे सांगावीशी वाटते. नेरेत्वा नदीवरचा तिथला दगडी पूल १५६६ साली, उस्मानी काळात बांधून झाला. बांधणारा मिमार हैरुद्दीन हा सिनानचा शागीर्द. चारशेहून जास्त वर्षं हा पूल उभा होता. बोस्नियाच्या युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफगोळ्यांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला. पुढे तसाच स्थानिक दगड वापरून, जुन्या पद्धतीने तो पुन्हा उभारला गेला. जुलै २००४ मध्ये तो खुला झाला आणि २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

पूल उभा राहिला, पण शाळा जोडल्या गेल्या नाहीत. बोस्नियाच्या काही भागांत 'एका छपराखाली दोन शाळा' हा प्रकार युद्धानंतर सुरू झाला. इमारत एकच, पण बोस्नियाक मुलांचे वर्ग वेगळे आणि क्रोएट मुलांचे वेगळे. अभ्यासक्रम वेगळा, इतिहास वेगळा, कुठे कुठे दरवाजेही वेगळे. एकाच पुलाबद्दल दोन घरांत दोन गोष्टी सांगितल्या जातात.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. नुसती इमारत जपली म्हणजे वारसा जपला गेला असं होत नाही. आणि नुसतं इंटरनेट जोडलं म्हणजे मनं जोडली जात नाहीत. मुलांनी समोरासमोर बसून, निदान पडद्यावर तरी, एकच काम मिळून करावं लागतं. मोस्तारच्या जुन्या जिम्नॅशियमच्या इमारतीत २००६ साली 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' सुरू झालं, ते याच विचाराने. तिथे निरनिराळ्या समाजांची आणि देशांची मुलं एका वर्गात शिकतात. याच संस्थेचं एक कॉलेज १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ मुळशीतही आहे.

आपल्या शाळांनी काय करावं?

ई-ट्विनिंग भारतीय शाळांसाठी खुलं नाही, पण इतर वाटा आहेत. 'आय-अर्न' हे जाळं १९८८ साली न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्याच्या प्रयोगातून सुरू झालं. आज भारतासह अनेक देशांतले शिक्षक त्यात आहेत. त्यातल्या 'लर्निंग सर्कल' प्रकारात वेगवेगळ्या देशांतले थोडे वर्ग काही महिने मिळून काम करतात. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं तर १९५३ पासून आहे आणि वारसा हा त्याच्या आवडीचा विषय आहे. मुख्याध्यापकांनी दोन्हींचे नियम आणि खर्च नीट समजून घेऊन मगच पाऊल टाकावं.

आणि सांगण्यासारखं आपल्याकडे काय आहे, असं कुणी विचारू नये. पाण्याचाच विषय घेतला तर मलिक अंबरने खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी केलेली नहर आहे. तिथलीच पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातलं पाणी नळांतून आणून, त्याच्या जोरावर दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. ग्रॅनाडा आणि इस्तंबूलच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनाही नवल वाटेल.

पण सुरुवात घरातूनच व्हावी. आम्ही एकदा आठवीच्या वर्गाला सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसाला एका जुन्या वस्तूबद्दल विचारा आणि पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करा. एका मुलीने दादीला माळ्यावरच्या तांब्याच्या भांड्यांबद्दल विचारलं. ती निघाली चिलमची आणि आफताबा. लग्नात दस्तरखान अंथरायच्या आधी पाहुण्यांचे हात धुवायला ही जोडी फिरवली जायची. चिलमची हा शब्द वर्गात एकालाही माहीत नव्हता. मुलीचे अब्बा तर ती भांडी भंगारात द्यायला निघाले होते. रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी बेत सोडला. आमच्या शाळेतलं इंटरनेट त्या आठवड्यात बंदच होतं, तरी काम अडलं नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी, की आपल्या मुलांबद्दल बाहेर पुष्कळ लोक बोलत असतात. ती कोण, कशी राहतात, काय खातात, हे दुसरेच सांगतात. स्वतःची ओळख स्वतःच्या शब्दांत, शांतपणे आणि पुराव्यानिशी देता येणं, ही आपल्या मुलांची फार मोठी गरज आहे. उर्दूत सांगा, मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, पण सांगता आलं पाहिजे.

पालकांसाठी चार गोष्टी

एक, मुलाचा फोटो, पूर्ण नाव आणि पत्ता खुल्या ठिकाणी टाकू नका. परदेशी शाळेशी संपर्क शिक्षकांमार्फत आणि बंद दालनातच व्हावा.

दोन, ज्यांचं रेकॉर्डिंग करायचं त्यांची इजाजत आधी घ्या. दादीला चेहरा दाखवायचा नसेल तर नुसता आवाज पुरेसा आहे.

तीन, मशीद, दर्गा किंवा किल्ल्यावर फोटो काढण्यापूर्वी तिथल्या जबाबदार माणसांना विचारा.

चार, ऐकलेली गोष्ट आणि सिद्ध झालेला इतिहास यांत फरक करायला मुलांना शिकवा. "दादी सांगते" असं लिहिण्यात कमीपणा नाही.

शाळा परदेशाशी जोडली जाईल तेव्हा जाईल. येत्या सुट्टीत एक दुपार काढा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि पहिला सवाल मुलाला विचारू द्या.