आवाज बंद करून सापडलेली गोष्ट

400 तासांचं फुटेज. रोज आठ तास बसलं तरी ते एकदा नुसतं पाहून व्हायलाच 50 दिवस जातील. त्यातून काढायचा दीड तासाहूनही छोटा सिनेमा, म्हणजे पडद्यावरच्या एकेका मिनिटामागे साडेचार तासांचं चित्रण. त्यावर कडी म्हणजे, या तासांमध्ये माणसं काय बोलताहेत तेच कळत नाही!

‘हनीलँड’ या 2019 च्या माहितीपटाचं संकलन असं सुरू झालं. उत्तर मॅसिडोनियातलं बेकिर्लिया हे जवळजवळ ओस पडलेलं गाव. तिथे हातिजे मुरातोवा ही मधपाळ बाई आपल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होती. घरात वीज नव्हती. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव हे दिग्दर्शक त्या भागात आले होते ते निसर्गरक्षणावरचा एक लघुपट करायला. हातिजे भेटली आणि मुक्काम लांबला, तो तीन वर्षं. मायलेकी बोलायच्या ती जुन्या वळणाची तुर्की. दिग्दर्शकांना ती येत नव्हती.

मग अतानास गेओर्गिएव या संकलकाबरोबर त्यांनी जे केलं, त्याचं मला अजून नवल वाटतं. भाषांतराची वाट न पाहता, त्यांनी आवाज बंद करून कित्येक महिने फक्त चित्रांवर काम केलं.

हे वेडेपण वाटत असेल, तर घरातल्या एखाद्या लग्नाचा व्हिडिओ म्यूट करून बघा. कोणती आत्या रुसली आहे, हे दोन मिनिटांत समजतं. कोण कुणाच्या जवळ सरकतं, कुणाकडे पाठ करतं, कुणाचा हात मध्येच थबकतो, हे सगळं अचानक दिसू लागतं. एरवी आपलं लक्ष बोलण्यात अडकतं, आणि संकलकाचंही अडकतं. छान वाक्य सापडलं की तो त्याच्या प्रेमात पडतो आणि त्या वाक्याभोवती प्रसंग रचत बसतो. इथे ती सोयच नव्हती.

समोर होती ती कृती, तीही पुन्हा पुन्हा येणारी: पोळं उघडणं. हातिजे उघडते तेव्हा हात उघडे, घाई नाही. निम्मा मध ती घेते, निम्मा माशांसाठी ठेवते. मग शेजारी एक भटकं कुटुंब येतं. सात मुलं, गुरं, गलका. तेही मधमाश्यांच्या पेट्या आणतात. मुलांना माशा डसतात, घरचा कर्ता वैतागतो, जास्त मध मागणारा व्यापारी दारात उभा राहतो. एक दिवस पेट्या पार रिकाम्या होतात. उपाशी माशा मग शेजारच्या पोळ्यांवर तुटून पडतात. हातिजेच्या.

गंमत पाहा: या साखळीतली एकही कडी निवेदकाला सांगावी लागत नाही. सिनेमात निवेदक नाहीच. सुरुवातीला ‘निम्मं-निम्मं’ शांतपणे पाहिलेलं असतं, म्हणून पुढे दुसऱ्याने पेटी खरवडली की आपल्याच पोटात गोळा येतो. तोच पहिला प्रसंग जरा मागेपुढे झाला असता, तर उरलं असतं दोन शेजाऱ्यांचं भांडण. (पर्यावरणावरच्या कितीतरी माहितीपटांमध्ये हीच गोष्ट एखादा तज्ज्ञ खुर्चीत बसून सांगतो, आणि आपण जांभई देतो.)

भाषांतर आल्यावर शब्द जागेवर बसवले गेले, पण सांगाडा तोवर उभा होता. पुढे ऑस्करसाठी या सिनेमाला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळालं. असं तोवर कोणत्याच चित्रपटाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

अखेरीला आई गेलेली असते, शेजारी निघून गेलेले असतात. हातिजे कुत्र्याला घेऊन डोंगर चढते, पोळ्याचा तुकडा मोडून खाते आणि थोडा त्यालाही देते. सबटायटल्सची पट्टी तेव्हा रिकामीच असते.