फर्ग्युसन महाविद्यालयाचे आद्य प्राचार्य

डेक्कन एज्युकेशन सोसायटीने २ जानेवारी १८८५ रोजी पुण्यास स्थापन केलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले चार प्राचार्य. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव या महाविद्यालयास देण्यात आले. संस्थेचा कारभार अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास वचनबद्ध झालेल्या आजीव सदस्यांच्या हाती असे व प्राचार्यही त्यांच्यापैकीच एक असत. त्यामुळे त्यांचा अधिकार मुख्यतः नैतिक स्वरूपाचा होता.

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे (१८५८–९२) हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. सदस्यांनी संस्थेबाहेर अर्थार्जन करावे किंवा नाही, या व अन्य प्रश्नांवरून त्यांच्या कारकीर्दीत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये बाळ गंगाधर टिळक यांनी राजीनामा दिला. आपट्यांनंतर गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) प्राचार्य झाले. वऱ्हाडातील अकोला येथे प्रतिकूल परिस्थितीत शिकलेल्या आगरकरांवर सुधारक पत्रातील लेखनामुळे सनातन्यांचा रोष होता. तथापि त्यांनी आपली मते सोडली नाहीत. हे दोघेही पदावर असतानाच अकाली निवर्तले. पुढे महादेव शिवराम गोळे (१८९५–१९०२) यांनी ही धुरा वाहिली. केंब्रिज येथे १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ मध्ये प्राचार्य झाले. मतभेद व मृत्यू यांमुळे माणसे बदलत गेली, तरी स्वार्थत्यागाचे मूळ तत्त्व टिकल्याने संस्था स्थिरावली.