पानगळ पाहायला काश्मीरला कशाला? इस्लापूर ते माहूर रस्त्यावर फिरा, पण काडीपेटी घरी ठेवा

इस्लापूर (ता. किनवट) : दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मोबाईलवर काश्मीरच्या लाल चिनारचे आणि अमेरिकेतल्या रंगीत डोंगरांचे व्हिडिओ फिरायला लागतात. आपल्या पोरांना वाटतं, असं काही आपल्याकडे नाही. आहे, फक्त आपला हंगाम वेगळा आहे. आपलं जंगल रंगतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

आपल्याकडे उशीर का?

पानात हिरवा रंग असतो तसा पिवळाही असतो, पण हिरव्याखाली तो झाकलेला राहतो. झाड पान सोडायच्या तयारीला लागलं की हिरवा रंग आधी विरतो आणि पिवळा उघडा पडतो. काही झाडांत त्याच वेळी लाल रंग नव्याने तयार होतो. थंड देशात दिवस लहान झाला आणि गारठा वाढला की हे घडतं. आपल्याकडे कारण पाण्याचं आहे. पावसाळ्याची ओल दिवाळीनंतर कमी होत जाते. पानातून पाणी उडतं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. उन्हाळ्यात आपण बैलांचा चारा जपून वापरतो, तसंच हे. झाड वाळलं असं समजून कुऱ्हाड लावू नका, ते जिवंत असतं.

काय काय दिसेल?

आपलं जंगल सागाचं. सागाची मोठी पानं आधी पिवळी, मग तपकिरी होऊन खाली पडतात. पाय ठेवला की पापडासारखी वाजतात. सालई उघडी पडते. कांडोळाचं पांढरं खोड लांबूनच चमकतं. त्यातच पळस केशरी फुलतो आणि काटेसावर लाल होते. मार्चमध्ये कोशिंब बघा. त्याची नवी पालवीच लालभडक असते, लोकांना ती फुलं वाटतात. मोहाची आणि पिंपळाची कोवळी पानं तांब्यासारखी दिसतात. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो.

रस्ता कोणता?

इस्लापूरहून निघून किनवट, पुढे सारखणीमार्गे माहूर. किनवट ते माहूर साधारण 50 किलोमीटर. डोंगर, वळणं आणि दोन्ही बाजूंनी साग. माहूरला रेणुकामातेचं दर्शन होतं, गडावरून चारी बाजूंचं जंगल दिसतं. वेळ कमी असेल तर जवळच पैनगंगेवरचं सहस्रकुंड आहे. उन्हाळ्याकडे धबधब्याची धार बारीक होते, पण काळे खडक आणि आजूबाजूचा पळस बघण्यासारखा असतो. रेल्वेने येणाऱ्यांना मुदखेड-आदिलाबाद मार्गावरून खिडकीतूनही जंगल दिसतं.

सकाळी लवकर निघा, 10 नंतर ऊन लागतं. पेट्रोल आणि पाणी गावातूनच घ्या. वळणावर पाला साचलेला असला तर मोटरसायकल घसरते, ब्रेक जपून दाबा. अंधाराच्या आत परत या, रोही आणि रानडुकरं रस्त्यावर येतात.

खरी भीती वणव्याची

हाच वाळलेला पाला म्हणजे बारूद. एक बिडीचं थोटूक पुरतं. फोटोसाठी गाडी वाळल्या गवतात उभी केली तर तापलेल्या सायलेन्सरनेही पेट घेऊ शकतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतालगत अशीच आग आली. धुऱ्यावरची बोर गेली, ठिबकच्या नळ्या वितळल्या. रात्रभर पाल्याच्या फांद्यांनी झोडपून विझवली. आग कोणी लावली ते कळलं नाही, नुकसान मात्र आमचं झालं.

नुकसान एवढंच नाही. पडलेला पाला कुजून खत होतो आणि पहिल्या पावसाचं पाणी अडवतो. पाला जळाला की उघडी माती नाल्यात वाहून जाते आणि विहिरीत झिरपणारं पाणी कमी होतं. नवी रोपंही जळतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात. त्यापेक्षा पाला झाडून बाजूला करा आणि खाली जुनं लुगडं किंवा नेट अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

आग दिसली तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा 112 वर फोन करा. ठिकाण सांगताना जवळचं गाव, नाला किंवा किलोमीटरचा दगड सांगा. रेंज नसेल तर पुढच्या गावात पोलीस पाटलाला कळवा.

यंदा होळीच्या आसपास लेकरांना घेऊन एक चक्कर मारा. खाली पडलेली पळसफुलं वेचून आणा आणि रात्री पाण्यात उकळून ठेवा, रंगपंचमीचा रंग घरीच तयार होईल. फांदी मात्र तोडू नका, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे.