चेहरा भाजला, डोकं सुजलं : आधी पाणी, मग बाकीचं

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी कॅम्प ५ मधल्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. एका दारात सून सासूच्या केसांना डाय लावत असते, दुसऱ्या दारात तिघी बहिणी एकाच डबीतलं ब्लीच वाटून घेत असतात. पांढऱ्या साड्या इस्त्री होऊन दोरीवर लटकलेल्या. पार्लरमध्ये त्या दिवशी नंबर लागत नाही, आणि दिवसभर जीन्सचे धागे कापून हातात येणाऱ्या पैशात फेशियल बसतही नाही. म्हणून सगळं घरीच. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत एखादी मुलगी पदर गालावर ओढून, फोटोच्या वेळी मागे सरकताना दिसते. काय झालं ते विचारावं लागत नाही.

अशा वेळी घरातली मोठी माणसं म्हणतात, "नट्टापट्टा सांगितला होता कुणी?" आम्हाला हे बोलणं पटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाबद्दल मुद्दाम सांगितलं होतं. ज्या दागिन्यांवरून आणि साडी नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची जात लांबून ओळखू येते ते सोडा, नीटनेटक्या राहा, असा त्याचा अर्थ होता. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं. तेव्हा नीट दिसावंसं वाटण्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की गडबड झाली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

आमचा अनुभव सांगतो : पहिल्या चुकीने थोडं बिघडतं, पण खरं नुकसान होतं ते ती चूक झाकायला लावलेल्या दुसऱ्या वस्तूने. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीने ब्लीच दहा मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवलं, तेही पावडर जास्त घालून. गाल लाल झाले, चुरचुरले. तेवढ्यावर पाणी मारलं असतं तर दोन-तीन दिवसांत उतरलं असतं. पण मावशीने टूथपेस्ट लावली. ती वाळून कातडी ओढायला लागली म्हणून काकूने लिंबू चोळलं. सकाळी ती तशीच उन्हात मिरवणुकीला गेली. महिन्याभराने लाली गेली होती, पण दोन्ही गालांवर काळपट डाग उरले होते. ते ब्लीचचे कमी आणि लिंबाचे जास्त होते. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की चांगली कातडीसुद्धा भाजते आणि डाग महिनोनमहिने राहतो.

म्हणून ब्लीच चुरचुरायला लागलं की घड्याळ बघत बसू नका, ओल्या कापडाने लगेच काढा आणि चेहऱ्यावर पाणी सोडा. वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे फार वाटतात, आणि आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं ते काही सांगायला नको. पण वाहता नळच हवा असं नाही. पिंपातलं स्वच्छ पाणी बादलीत घ्या आणि मगाने हळूहळू ओतत राहा. डोळे मिटून, मान खाली घालून, म्हणजे औषध डोळ्यांत जात नाही. साबण नको, घासणं नको. बर्फ थेट कातडीवर घासू नये, त्याने भाजलेली कातडी आणखी दुखावते. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या. चुरचुर थांबल्यावर साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली पातळ लावली तर चालते. फोड आला असेल तर फोडू नका, त्यावर काही लावू नका आणि दवाखाना गाठा. हळदही नको. घरातली असली तरी ती पिवळा रंग चढवते, मग खाली कातडी किती लाल आहे हे डॉक्टरलाही दिसत नाही. लाली पूर्ण जाईपर्यंत त्या जागी थ्रेडिंग, वॅक्स, स्क्रब सगळं बंद. उन्हात जायचंच असेल तर डोक्यावर ओढणी घ्या.

गरम वॅक्सने भाजलं तरी हीच पद्धत, फक्त चिकटलेलं वॅक्स ओढून काढायची घाई करू नका. ओढलं की त्याबरोबर कातडीही येते. आधी पाण्याने पूर्ण थंड होऊ द्या. नंतर जिथे कातडी शाबूत आहे तिथलं वॅक्स खोबरेल तेलाने सैल करून काढा.

आता केसांचा डाय. कपाळावर, कानावर रंग उतरणं ही साधी गोष्ट आहे. लावण्याआधी केसांच्या कडेने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर रंग धरत नाही, आणि धरलाच तर तेलाच्या कापसाने पुसा, बाकीचा दोन-तीन दिवसांत आपोआप जातो. त्यासाठी कपडे धुण्याची पावडर कपाळावर घासणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. रंग जातो, पण सोबत कातडीही सोलवटते.

खाज ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काही माणसांना ते सोसत नाही. गंमत अशी की त्रास बहुधा लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो. म्हणून डायवर कुणाचा संशय जात नाही, "काल वांगं खाल्लं होतं" असं म्हणून विषय संपतो. केसांच्या कडेला पुरळ, कानामागे पाणी सुटणं, सकाळी उठल्यावर पापण्या सुजून डोळे बंद, ही त्याची खूण. अशा वेळी डोकं भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुऊन काढा, तेलाने मालिश करू नका. तोंड-ओठ सुजले, श्वास लागला, तर मात्र घरी काही करत न बसता १०८ ला फोन करा. एकदा त्रास झालेल्या माणसाला पुढच्या वेळी तो बहुतेक जास्तच होतो. "या वेळी दुसऱ्या कंपनीचा आणू" याचा उपयोग नाही, कारण आतलं रसायन बहुधा तेच असतं. पाकिटावर हर्बल लिहिलेल्या काळ्या मेहंदीतही ते असू शकतं. खरी मेहंदी नारिंगी-तांबूसच रंगते. काळी करायची तर त्यात काहीतरी घालावंच लागतं.

पहिल्यांदा डाय लावणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस थांबा. पाकिटाच्या आतल्या कागदावर हे लिहिलेलं असतं. आपण तो कागद डाय कालवायला खाली अंथरतो, हा भाग निराळा. आणि उरलेला डाय लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. तो पोटात गेला तर घसा सुजून जीव जाऊ शकतो.

खोटी नखं चिकटवताना बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हळूहळू सोडवा. तो गोंद डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. थ्रेडिंगला जाल तेव्हा दोरा नवा घ्यायला सांगा. फाउंडेशन लावून चेहरा राखेसारखा भुरका दिसत असेल तर त्यावर पावडर चढवू नका, ओल्या कापडाने टिपा. पुढच्या वेळी रंग मनगटावर न बघता जबड्याच्या कडेवर, दिवसाउजेडी बघा. जो कातडीत मिसळून दिसेनासा होतो तो आपला. दोन छटा उजळ घेतला की फोटोत चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्या रंगाचा येतो.

ही दोन छटांची हौस मात्र फाउंडेशनपर्यंत थांबत नाही. डाग पडला, पुरळ आलं की मुलगी मेडिकलमध्ये जाते, काउंटरवरचा माणूस एक छोटी ट्यूब देतो. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ होतो. सगळी गल्ली तीच ट्यूब मागवते. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव ट्यूबवर बारीक अक्षरात सापडेल. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुम आणि बारीक केस येतात, चुलीजवळ बसलं की आग होते. बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावावीशी वाटते. नीट ओळखा : तो पेटतो याचा अर्थ क्रीम गरजेचं होतं असा नाही, क्रीमनेच ती सवय लावलेली असते. यातून बाहेर पडता येतं, पण त्वचेच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. जांघेतल्या गजकर्णाला हीच ट्यूब लावणाऱ्या भावांनाही हे लागू. खाज थांबते आणि आत गजकर्ण पसरत राहतं.

आणि ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, ती तर घरात आणूच नका. अकोल्यात एका घरातल्या तिघी, जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. परळच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रांत आलं होतं. पारा कातडीचा रंग बनण्याची क्रिया दाबतो, म्हणून आठवड्यात उजळल्यासारखं वाटतं, आणि कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडात साचतो. असं क्रीम लावणाऱ्या कुणाच्या पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर लघवी तपासून घ्या. स्थळ बघायला येणारे रंग विचारतात, हे आम्हाला माहीत आहे. आपल्याच समाजातले, विहारात पंचशील म्हणणारेही विचारतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते घरातल्या मोठ्यांनी ठरवावं, मुलीच्या मूत्रपिंडावर ते ओझं नको.

एक राहिलं. टिकली लावायच्या जागी पांढरा डाग दिसला तर "कोड आलं" म्हणून रडारड करू नका. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने तो पडू शकतो. टिकली आजच बंद करा आणि दाखवून घ्या. लवकर दाखवलं तर रंग परत येण्याची शक्यता जास्त.

दाखवायला कॅम्प ३ चं मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथकडे राहणाऱ्यांना छाया रुग्णालय आहे. मध्यवर्तीत केसपेपर काढताना त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे आणि उपचाराचे पैसे लागत नाहीत. जाताना जी वस्तू लावली तिची ट्यूब, डबी, रिकामं पाकीट, जे असेल ते पिशवीत घालून न्या. "काय लावलं होतं?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि रागाने ती वस्तू आपण आधीच कचराकुंडीत टाकलेली असते.