पंखा मंदावला: कंडेन्सर बदलण्याआधी आणि बदलताना

रेग्युलेटर पाचवर असूनही पंख्याची पाती मोजता येतात आणि वारा काही लागत नाही, ही तक्रार उन्हाळ्यात घरोघरी असते. बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा निघतो आणि तो बदलणं आपल्याला घरीही जमू शकतं. पण दर वेळी तोच दोषी नसतो. म्हणून शिडी लावण्याआधी खालूनच तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येणं अपेक्षित असतं. दाब १८० वर उतरला, तर पंख्याच्या मोटारीची ताकद साधारण साठ टक्केच उरते. घरातले सगळेच पंखे संध्याकाळी रेंगाळत असतील आणि रात्री उशिरा आपोआप पळू लागत असतील, तर पंखा उघडून काही हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट रेग्युलेटर. बहुतेक इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये पाच नंबरला वीज थेट पंख्याकडे जाते. त्यामुळे पंखा पाचवरही मंद असेल, तर रेग्युलेटर बहुधा ठीक असतो. पाचवर नीट चालतो, पण मधल्या एखाद्या नंबरवर थांबतो किंवा नंबर बदलूनही वेग बदलत नाही, असं असेल तर मात्र आधी रेग्युलेटर पाहावा.

तिसरी गोष्ट बेअरिंग, म्हणजे ज्या गोळ्यांच्या कड्यांवर पंखा फिरतो ती. पंखा बंद करून पातं काठीने हलकेच ढकला. ते काही फेरे बिनआवाज फिरत राहायला हवं. घरघर झाली किंवा पंखा लगेच अडला, तर बेअरिंग गेलेलं आहे. नवा कंडेन्सर लावून उपयोग नाही.

आता कंडेन्सरचं काम समजून घेऊ. पंख्याच्या मोटारीत तारेची दोन वेटोळी (वायंडिंग) असतात. एकट्या वेटोळ्याच्या चुंबकत्वाला दिशा नसते. एकच पेडल असलेली सायकल जशी नेमकी वर-खाली अडून बसते, तशी मोटार जागेवरच गुणगुणते. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कंडेन्सर थोडा पुढे सरकवतो आणि त्यातून फिरतं चुंबकत्व तयार होतं.

कंडेन्सर पूर्ण गेला की पंखा नुसता गुणगुणतो. काठीने ज्या बाजूला ढकलावा, त्या बाजूला, अगदी उलटाही, फिरू लागतो. ही त्याची पक्की खूण. पण बहुतेक वेळा तो हळूहळू थकतो. आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो. विजेच्या झटक्याने त्यावरचा एखादा ठिपका जळतो, तेवढीच जागा बाद होते आणि कंडेन्सर चालू राहतो. असे ठिपके साचत गेले की त्याची क्षमता घटते आणि पंख्याचा वेगही.

आता प्रत्यक्ष काम. आधी मेन स्विच बंद करा; भिंतीवरचं बटण पुरेसं नाही, कारण कधी कधी ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत वीज पोचलेली असते. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद केल्यावर पंख्याला इन्व्हर्टरची वीज मिळत राहते, आणि अनेकांना झटका बसतो तो इथेच. टेस्टर आधी चालू वायरवर लावून तो ठीक असल्याची खात्री करा, मग मेन बंद करून पंख्याच्या वायरींना लावा.

दांडीच्या वरच्या किंवा खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून वाटी सरकवा. आत दोन वायरींची छोटी डबी दिसेल, तोच कंडेन्सर. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगांवर विसंबू नका. कंडेन्सर सुटा केल्यावर त्याची दोन टोकं मूठ प्लॅस्टिकची असलेल्या स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा, म्हणजे साठलेली वीज निघून जाईल.

डबीवर बहुधा २.५ मायक्रोफॅरड असं लिहिलेलं असतं. मायक्रोफॅरड हे क्षमतेचं माप. काही पंख्यांना २.२५ किंवा ३.१५ लागतो. जुनी डबी घेऊनच दुकानात जा आणि तोच आकडा मागा. ‘जरा मोठा लावा, पंखा जोरात फिरेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जास्त क्षमतेने दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह वाढतो, मोटार तापते आणि कालांतराने वायंडिंग जळू शकतं. व्होल्टेजचा आकडाही तोच, बहुतेक ४४०, ठेवा. कंडेन्सरवरचा दाब पुरवठ्याच्या २३० व्होल्टपेक्षा वर जातो, म्हणून कमी व्होल्टेजचा टिकत नाही.

नवा कंडेन्सर जुन्याच्याच दोन जागी जोडा. त्याच्या स्वतःच्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी चालतात, कारण त्याला अधिक-उणे नसतं. जागा मात्र चुकू देऊ नका. पुरवठ्याची वायर कंडेन्सरच्या दुसऱ्या बाजूला गेली, तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताकडे ढकलतो. सांधे घट्ट करा, तांबं उघडं राहू देऊ नका, आणि वाटी वर बसवताना वायर चेपली जात नाही ना, ते पाहा.

वीज चालू करून खाली उभे राहून वर पाहा. आपल्याकडचा छताचा पंखा खालून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायला हवा. दिशा चुकली असेल, तर पुन्हा मेन बंद करून फोटोशी जुळवा.

कंडेन्सर बदलूनही पंखा मंदच राहिला, मोटार हाताला चटका देण्याइतकी तापली किंवा जळका वास आला, तर दोष वायंडिंगमध्ये आहे आणि ते काम दुकानातच करून घ्यावं. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यांना कंडेन्सर बदलण्याचं हे काम लागू नाही. त्यांच्या मोटारीचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं, त्यामुळे तिथे स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी गॅरंटीचं कार्ड शोधा.