सौर पॅनेल दुकानावर परवडते, मग कारखान्यावर का नाही?

भारत २०७० पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणील, असा शब्द केंद्र सरकारने २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत दिला. पुढील वर्षी दुसरे उद्दिष्ट जाहीर झाले : २०३० पर्यंत देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याशिवाय उभी करायची. हा टप्पा पाच वर्षे आधीच, २०२५ मध्ये गाठला गेला. ही गोष्ट निश्चितच अभिनंदनीय आहे. परंतु क्षमता वेगळी आणि मीटरमधून येणारी वीज वेगळी. सूर्य मावळला की देशाचा भार मुख्यतः कोळशावरच येतो. आपल्या नाशिकजवळ एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, तेही कोळशावरच चालतात.

आता प्रश्न असा की या धोरणात आमच्या कापडधंद्याची जागा कोठे आहे? नाशिकपासून शंभर किलोमीटरवरच्या मालेगावात यंत्रमाग लाखांत मोजले जातात. तेथले कोरे कापड पाली, बालोत्रा, जेतपूरला रंगाई-छपाईसाठी जाते आणि तयार होऊन पुन्हा आमच्याच दुकानांत येते. मालेगावचा माग थांबला की नाशिकच्या बाजारात त्याची झळ पोहोचते. म्हणून हा विषय व्यापारी बंधूंनीही समजून घ्यावा असा आहे.

सरकारी सवलती कोणाला आहेत ते पाहू. घरासाठी फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॅटचे पॅनेल बसवले तर ७८ हजार रुपये अनुदान मिळते. शेतकऱ्याला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांत. मोठ्या गिरण्यांकडे पैसा, जागा आणि सल्लागार असतात. त्यांच्यासाठी २०२३ पासून कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजनाही आली असून तिच्या यादीत वस्त्रोद्योग आहे. चोवीस माग चालवणारा कारखानदार यांपैकी कोणत्याच रांगेत बसत नाही.

त्याचा विचार कधीच झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये केंद्राने 'पॉवरटेक्स इंडिया' सुरू केली, तिच्यात यंत्रमागासाठी सौर योजना होती. चार, सहा किंवा आठ मागांसाठी तेवढ्याच किलोवॅटचे पॅनेल आणि सर्वसाधारण गटाला निम्मे अनुदान. योजना चांगली होती. परंतु उरलेले निम्मे पैसे आणायचे कोठून? बँक जागेचे कागद मागते आणि मालेगावात कित्येक कारखाने भाड्याच्या किंवा भावाभावांत वाटणी न झालेल्या जागेत आहेत. मला माल देणाऱ्यांपैकी एकानेही ती योजना घेतली नाही. आता तर ती बंदच झाली आहे.

याहून मोठी अडचण हिशेबाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. यंत्रमागाला राज्य सरकार वीजदरात सवलत देते. २०२४ मध्ये तिच्यात भर पडली : २७ अश्वशक्तीखालील ग्राहकांना युनिटमागे आणखी एक रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे. सवलत हवीच, तिच्याशिवाय कित्येक माग भंगारात गेले असते. परंतु तिचा एक परिणाम होतो. माझ्या दुकानावरच्या पॅनेलने एक युनिट तयार केले तर माझा व्यापारी दराचा पूर्ण पैसा वाचतो. तेच पॅनेल कारखान्यावर बसवले तर कारखानदाराचा फक्त सवलतीचा दर वाचतो. पॅनेलची किंमत दोघांना सारखीच, पण वसुलीला त्याला कितीतरी जास्त वर्षे लागतात. मग तो कशाला त्या भानगडीत पडेल? उलट त्याने पॅनेल बसवले तर जी युनिटे तो जाळ्यातून घेणार नाही, त्यांवरची सवलत वाचते ती सरकारची!

आकड्यांत सांगतो. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर लागते. चोवीस मागांचे झाले सुमारे १८ किलोवॅट. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चार युनिट देते आणि त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीचे छप्पर लागते. म्हणजे अठराशे चौरस फूट छप्परावर ७२ युनिट. कारखाना दोन पाळ्यांत चालतो, दोनशे युनिट सहज लागतात. म्हणजे एक तृतीयांश गरज भागते. वर्षाला तीनशे दिवस धरले तर २१ हजार ६०० युनिट. जाळ्यातील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका कारखान्यामागे वर्षाला पंधरा टन कमी. खर्च सुमारे नऊ लाख.

माझे म्हणणे एवढेच की सरकार वर्षानुवर्षे जी सवलत देणार आहे, त्यातली सात-आठ वर्षांची रक्कम या २१ हजार युनिटांपुरती आधीच पॅनेलच्या खर्चात द्यावी आणि पुढे तेवढ्या युनिटांवर सवलत देऊ नये. तिजोरीवर नवा बोजा पडत नाही. ज्यांचे छप्पर जुन्या पत्र्याचे आहे किंवा शेजारच्या मजल्यांच्या सावलीत आहे, त्यांच्यासाठी शंभर कारखान्यांचा मिळून एक प्रकल्प उभा राहू शकतो. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, म्हणजे या भागात ऊन कमी नाही. एका प्रकल्पाची वीज अनेक मीटरांत वाटून देण्याचे नियम दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच केले होते.

कोळशावरच्या कराची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या नावाने टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. जीएसटी आल्यावर तोच पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्के झाला. वीज स्वतः जीएसटीबाहेर असल्याने वीज कंपनीला हा कर वळता करून घेता येत नाही, तो बिलातच राहतो. स्वच्छ ऊर्जेसाठी मागवालाही पंधरा वर्षे असा पैसा भरत आला आहे.

सायझिंगचा विषय निराळा. तेथे बॉयलरला वाफ लागते आणि छपरावरचे पॅनेल त्याला पुरे पडत नाही. लाकूड महाग झाले की काही ठिकाणी प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, आणि त्याचा धूर आसपासच्या मोहल्ल्यांतील मुले श्वासात घेतात. याला धंद्याची मजबुरी म्हणणे मला मान्य नाही. खानदेशात कापसाच्या पऱ्हाट्या दरवर्षी शेतात जाळल्या जातात. त्यांचेच दाबलेले ठोकळे, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, बॉयलरला चालतात. दहा-बारा सायझिंगवाल्यांनी मिळून खरेदी केली तर भावही चांगला मिळेल.

ज्यांना तूर्त स्वतःच्या पैशाने पॅनेल बसवायचे आहे त्यांनी प्रथम बिलावरचा मंजूर भार पाहावा. नेट मीटरच्या प्रकल्पाला त्यापेक्षा जास्त क्षमता मिळत नाही. सौर साहित्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्के झाला आहे. मात्र बसवून देण्याचा एकत्रित करार असेल तर ७० टक्के रक्कम साहित्याची व ३० टक्के सेवेची धरली जाते, आणि सेवेवर अठरा टक्के लागतात. कोणी जुन्या दराने कोटेशन दिले तर नवीन मागून घ्यावे.