बेचाळीस किलोमीटरांचं इंधन

देगलूरहून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला जायचं आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करायचा, तर सराव सप्टेंबरातच सुरू करावा. ही शर्यत 2004 पासून होते. तिच्यातल्या देणग्यांचं काम ‘युनायटेड वे मुंबई’ पाहते.

अंतर 42.195 किलोमीटर. साठ किलोच्या माणसाला त्यासाठी साधारण 2,500 कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मात्र 2,000 कॅलरींच्या आसपासच पुरतं. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकाएकी जड होतात. आठवड्यातून एकदा सावकाश, लांब धावलं की स्नायूंत मायटोकॉण्ड्रिया (पेशींतली ऊर्जाकेंद्रं) वाढतात, शरीर चरबी जास्त वापरू लागतं, ग्लायकोजेन वाचतं. सावकाश म्हणजे गप्पा मारता येतील इतकं. नवखे नेमकं हेच मनावर घेत नाहीत, याची मला खंत वाटते.

दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरा बळकट व्हायला मात्र महिने लागतात. देणगीदारांना शब्द दिलाय म्हणून दुखऱ्या नडगीवर धावू नये. ऑक्टोबरच्या उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत होते, पण सराव पहाटेच बरा. तहानेपुरतंच पाणी प्यावं. अति प्यायल्यास रक्तातलं सोडियम घटतं आणि ते जिवावर बेतू शकतं.